‘पत्नीचे नाव’ हा रकाना : माजी सैनिकांच्या आरोग्यावरच्या एका अभ्यासाचं प्रकरण

गाव, हुद्दे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. संशोधन करणारी आमची पदव्युत्तर वर्गातली विद्यार्थिनी. मी तिची मार्गदर्शक. पुढं येणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात एखाद्या गावाला ‘मिलिट्रीचं गाव’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. शिरोळ तालुक्यातली टाकळी तर सैनिक टाकळी म्हणूनच ओळखली जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, म्हणजे चंदगडच्या पोराला कोल्हापूरपेक्षा जवळ. शहरात टेंबलाईच्या टेकडीला टेरिटोरियल आर्मीची १०९ बटालियन. भरती निघाली की पहाटे चारला डांबरीवर पळणारी पोरं दिसतात, आणि त्यांच्या मागं शिट्टी घेऊन हमखास एखादा पेन्शनर असतो.

हा पेन्शनर म्हातारा असतोच असं नाही. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला माणूस पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान ‘पेन्शनला येतो’. पोरं शाळेत, आईबाप थकलेले, आणि बायकोनं इतकी वर्षं एकटीनं घर रेटलेलं. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ, तीही एकदम मिळेल याची खात्री नाही. तेवढ्यापुरता पाहुण्यासारखा येणारा माणूस एका सकाळी पांढऱ्या अक्षरात नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक घेऊन कायमचा उतरतो. शिपाई म्हणून आला काय आणि हवालदार म्हणून आला काय, गावाला तो ‘मेजर’च.

विद्यार्थिनीला नेमकं या घरात काय होतं ते बघायचं होतं. विषयाचं नाव लांबलचक होतं; थोडक्यात सांगायचं तर माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांचं आरोग्य, लिंगभावाच्या अंगानं. ‘लिंगभाव’ हा शब्द गावात कुणापुढं काढायचा नाही, एवढं आम्ही आधीच ठरवलं होतं.

साधनं नेहमीची. नैराश्याच्या चाचपणीसाठी पीएचक्यू-९: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७, १० किंवा वर गेली की नीट तपासणी करायची. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची सूची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून अर्ज केला, नैतिकता समितीची मंजुरी मिळाली. संमतीपत्रात एक वाक्य होतं: ‘तुमची माहिती कोणत्याही परिस्थितीत कुणालाही सांगितली जाणार नाही.’ ते मी वाचलं होतं, आवडलंही होतं. त्या वाक्यानं पुढं आमची झोप उडवली.

गावात शिरायला माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष भेटले. निवृत्त सुभेदार, ताठ, बोलायला गोड. त्यांनी यादी दिली, तालमीशेजारची संघटनेची खोली दिली, आणि पोरगी गावात नवीन म्हणून स्वतः रोज येऊन बसायला लागले. आम्हाला वाटलं, केवढी सोय झाली.

अडचण

पहिले चौदा फॉर्म आले. बहुतेकांची बेरीज शून्य, दोघांची एक, एकाची दोन. कागदावरचं गाव अगदी ठणठणीत.

मी आधी खूशच झाले. फौजी माणूस, शिस्त, व्यायाम, पेन्शनचा आधार, असं मी मनात उत्तरही जुळवून टाकलं होतं. विद्यार्थिनी मात्र अस्वस्थ होती. ‘मॅडम, झोपेच्या प्रश्नाला सगळ्यांनी शून्य दिलंय. पण एकानं सांगितलं की तो चार तास झोपतो. मी म्हटलं, मग हे लिहू का? तर म्हणाला, त्याला काय त्रास म्हणत्यात व्हय? फौजी माणसाला चार तास बास.’ दुसऱ्या एकाला ‘निराश’ शब्दाचंच हसू आलं होतं. निराश व्हायचं ट्रेनिंगच दिलं न्हाई, म्हणाला. खोलीत सगळे हसले. सुभेदारसाहेबही.

‘खोलीत सगळे हसले’ हे तिच्या वहीतलं वाक्य मी दोनदा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खोलीत सगळे होते. शिपाई म्हणून निवृत्त झालेला माणूस सुभेदाराच्या समोर, भिंतीवरच्या पलटणीच्या चिन्हाखाली बसून ‘मला रडू येतं’ असं सांगेल, ही अपेक्षा आम्ही ठेवली होती.

हुद्दा हे झालं एक. दुसरं त्याहून खोल होतं आणि ते मला एका निवृत्त नर्सिंग असिस्टंटनं समजावलं. फौजेत वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांत लिहितात: एस म्हणजे मन, एच ऐकणं, ए हातपाय, पी बाकीचं शरीर, ई डोळे. सगळीकडं एक असला की तो शेप-वन. श्रेणी घसरली की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्याला धक्का लागतो. त्यात ‘एस’ घसरणं म्हणजे तर शिक्काच. जो माणूस पंधरा-वीस वर्षं हा ‘एस’ जपत आलाय, तो पेन्शनला आल्यावर एका पोरीच्या फॉर्मवर तो का घालवील? गुडघ्याची गोष्ट वेगळी. सेवेमुळं झालेल्या किंवा सेवेमुळं वाढलेल्या आजाराला अपंगत्व पेन्शन असते. गुडघ्याला, कानाला कागद असतो, त्यामुळं तो मोकळेपणी दाखवता येतो. खोलीतल्या चौदाही जणांनी गुडघे, कंबर, बीपी, शुगर याबद्दल भरभरून सांगितलं होतं.

तिसरं बाहेरच्या जगातही माहीत असलेलं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायचं शिक्षण दिलं. आत्महत्या घटल्या, पण मुख्यतः बायकांच्या. पुरुष डॉक्टरकडं नैराश्य घेऊन येतच नव्हते. त्यांचं नैराश्य चिडचीड, दारू, भांडणं या रूपात दुसरीकडंच कुठंतरी बाहेर पडत होतं. पुढं पुरुषांसाठी वेगळी सूची करावी लागली ती त्यातूनच.

आणि मग चहा. खोलीत चहा यायचा तो शेजारच्या घरातून. तो आणणाऱ्या काकूंनी एकदा कप गोळा करता करता विद्यार्थिनीला हळूच म्हटलं, ‘बाळ, त्यांस्नी काय इचारतीस? त्ये सगळे बरेच हाईत. रात्री कोण वरडतंय त्ये मला इचार.’ आणि कपबशा घेऊन निघून गेल्या.

याच सुमारास शहरात एक वेगळाच प्रकार घडला. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झालेल्या एक अधिकारी बाई ओळखीतून भेटल्या. विद्यार्थिनीनं उत्साहानं फॉर्म पुढं केला. बाईंनी चष्मा लावला, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘पत्नीचे नाव. हे मी कुठून आणू?’ या नर्सिंग सेवेची सुरुवात १८८८ची. १९४३पासून तिच्यात अधिकाऱ्यांचं कमिशन आहे. लिंगभावावर अभ्यास करायला निघालेल्या आम्ही दोघी बायका, आणि आमच्या फॉर्मला माजी सैनिक बाई असते हेच ठाऊक नव्हतं. बाईंनी स्वतःच अजून एक सांगितलं: लग्नकार्यात लोक त्यांच्या शिक्षक नवऱ्याला विचारतात, ‘मेजर, कुठल्या पलटणीला होता?’

कोणते पर्याय होते

माझ्या टेबलावर आम्ही दोन दुपारी यावर घालवल्या. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आहे तसं पुढं जायचं, पुरे फॉर्म भरायचे आणि शेवटी ‘मर्यादा’ या मथळ्याखाली चार ओळी टाकायच्या. असे प्रबंध भरपूर निघतात. विद्यार्थिनीला वेळेत पदवी मिळाली असती. मी हा पर्याय जितका हसण्यावारी नेला असं आता वाटतं तितका तेव्हा नेला नव्हता.

दुसरा पर्याय चहावाल्या काकूंनीच सुचवल्यासारखा होता: नवऱ्यांबद्दल बायकांना विचारायचं. विद्यार्थिनीला तो पटला होता, मला नाही. त्यात बाई पुन्हा साक्षीदार म्हणूनच येते. तिच्या स्वतःच्या बीपीचं, गुडघ्याचं, झोपेचं काय ते तसंच राहतं. शिवाय नवऱ्यानं जे सांगायला नकार दिलाय ते बायकोकडून काढून घेणं ही त्याच्या संमतीला दिलेली बगल आहे.

तिसरा, नवरा-बायकोची एकत्र मुलाखत. एका घरात करून बघितली. वीस मिनिटांत काकू सात वाक्यं बोलल्या, त्यातली चार ‘ह्यांनाच इचारा’ अशी होती.

मग दोघांची वेगवेगळी मुलाखत, एकाच घरातली? इथं आम्ही अडखळलो. घरातल्या हिंसेवर संशोधन करताना काय जपायचं याची जागतिक आरोग्य संघटनेची २००१ची सूचना स्पष्ट आहे: बाईची सुरक्षितता सगळ्यात आधी, संपूर्ण एकांत, आणि एका घरातली एकच बाई. त्याच घरातल्या पुरुषाला त्याच विषयावर प्रश्न विचारले की ती काय बोलली असेल याचा अंदाज त्याला येतो. आमचा विषय हिंसा नव्हता. पण दारूचा प्रश्न विचारला की हिंसा किती लांब राहते?

ठरलं ते असं: एका घरातून एकच माणूस. पुरुष एका वाडीतले, बायका दुसऱ्या वाडीतल्या. जोड्या लावून तुलना करता येणार नाही, हे नुकसान मान्य. फॉर्मवर ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’. संघटनेची खोली बंद.

मध्येच एक छोटा फाटा फुटला. रजेवर आलेला एक जवान स्वतःहून बोलायला तयार झाला. सेवेतल्या माणसावर आर्मी रूल्स १९५४चा नियम २१ लागू असतो. सेवेशी संबंधित गोष्टी परवानगीशिवाय बाहेर मांडता येत नाहीत, आणि अडचणीत आला असता तो, आम्ही नाही. आम्ही नाही म्हटलं आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला; सैन्यातल्या लोकांसाठी त्याचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३पासून आहे. तो चिडला. ‘म्हंजे आमचं पेन्शनला आल्यावरच इचारनार?’ नियम बरोबर होता, आणि त्याचा प्रश्नही.

काय केलं

बदलाला समितीची पुन्हा मंजुरी घेण्यात सहा आठवडे गेले. तोवर ऊसतोड सुरू झाली आणि गावात माणूस सापडेना. सुभेदारसाहेब दुखावले होते. ‘आमच्या घरातल्या बायकांना वेगळं बसवून काय इचारनार?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. विद्यार्थिनीनं प्रश्नांचा कागद त्यांच्या हातात दिला, कुणाचीही उत्तरं मात्र दाखवणार नाही म्हणाली. त्यांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि पुढची यादी दिली नाही. मग आशाताई आणि दूध संस्थेतली ओळख, यांच्या आधारानं एकेक माणूस जोडत गेलो.

पुरुषांसाठी मी एका अनुभवी पुरुष कार्यकर्त्याला पाठवलं. पुरुष पुरुषाशी बोलेल, हा माझा हिशोब. तो चुकला. त्याच्यासमोर माणसं पुन्हा ‘मेजर’ व्हायची, कारगिलपासून सुरुवात करायची. विद्यार्थिनीशी ती जास्त मोकळी बोलली. लेकीच्या वयाच्या पोरीपुढं कदाचित काही सिद्ध करायचं नसतं. पण समोरासमोर बसून कुणीच बोललं नाही. बोलले ते म्हशीची धार काढताना, वैरण कापताना, बांधावरून चालताना, म्हणजे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही अशा वेळी.

एकाची नोंद तिच्या वहीत आहे. शेतीपंपाला लाइट रात्रीची. इतर शेतकरी त्यावरून शिव्या घालतात. हा माणूस खूश. ‘झोप तशी पण लागत न्हाई. मग उसाला पाणी पाजत बसतो. हातात बॅटरी, अंधार, कोण बोलायला न्हाई. ड्युटी लागल्यागत वाटतंय. घरात आडवं पडलं की मग सुरू हुतंय.’ काय सुरू होतं ते तिनं विचारलं नाही. मी विचारलं असतं, आणि तो गप्प झाला असता.

बायकांच्या मुलाखती आशाताईंच्या घरी, ‘घरातल्यांचं आरोग्य’ या साध्या नावाखाली झाल्या. इथं जे ऐकायला मिळालं ते आमच्या कोणत्याच सूचीत नव्हतं. नवरा परत आल्याचा आनंद खरा होता आणि परत आलेल्या नवऱ्याचा जाचही खरा होता. सतरा वर्षं बँक, बियाणं, सासऱ्याचं दवाखान्याचं, पोरीचं स्थळ, सगळं जिनं बघितलं तिला आता पाच रुपयांचा हिशोब द्यावा लागत होता. एका वहिनींच्या नवऱ्यानं आल्या आल्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणं लावले आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: जिरे, मोहरी, तूरडाळ. ‘माझ्या हाताला अंधारात बी डबा घावायचा. आता चष्मा लावून वाचतो मी,’ असं त्या म्हणाल्या, हसत, आणि मग हसायच्या थांबल्या. त्यांच्या बीपीच्या गोळ्या ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, यायच्या. ही योजना २००३पासून आहे आणि बायकोला तिच्यात स्वतःचं कार्ड मिळतं. पण कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, गोळ्या आणायला नवराच जाणार, आणि त्याला वेळ नसला की वहिनी उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून पुरवायच्या. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. टक्केटोणपे खाल्लेली बाई काटकसर सांगते तसं सांगितलं.

या वहिनींची मुलाखत टंकलेखनाला बाहेरगावी दिली होती. परत आली तेव्हा वर लिहिलेलं: ‘पुरुष, वय अंदाजे ४०.’ वाचणाऱ्यांपैकी कोल्हापूरकरांना कारण सांगायला नको. आमच्याकडं बायका ‘मी जातो, मी करतो, मी वाचतो’ असंच बोलतात. टंकलेखकानं क्रियापद बघितलं आणि बाईचा बुवा केला. अशा तीन मुलाखती निघाल्या. विद्यार्थिनी स्वतः ‘मी येतो मॅडम’ म्हणणारी. तिलाच सगळं पुन्हा ऐकून दुरुस्त करावं लागलं.

तो फोन

एका संध्याकाळी साडेआठला तिचा फोन आला, एस.टी. स्टँडवरून. दिवसभराच्या फॉर्मची बेरीज करत बसली होती. एका माणसाची बेरीज सात. दहाच्या खाली, म्हणजे आमच्या आराखड्याप्रमाणं काहीच करायचं नाही. पण नववा प्रश्न, आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, याला त्यानं ‘काही दिवस’ म्हटलं होतं. तिनं खूण केली होती आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून पुढच्या कागदाकडं वळली होती.

आराखड्यात नवव्या प्रश्नासाठी स्वतंत्र नियम नव्हता. तो मी घालायला हवा होता. बेरीज कितीही असो, नवव्याला शून्याहून वर उत्तर आलं की तिथंच थांबून विचारायचं असतं. आणि संमतीपत्रात ते देखणं वाक्य होतं: कोणत्याही परिस्थितीत कुणालाही नाही.

सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच काही करायचं, हा पहिला निर्णय. मी त्याला लगेच फोन लावला. सरळ विचारलं. विचारल्यानं तसले विचार डोक्यात घुसतात ही समजूत चुकीची आहे, हे मी वर्गात शिकवते; तरी तेव्हा तोंडातून शब्द काढायला जड गेलं. तो शांतपणे ‘व्हय’ म्हणाला. घरात काही आहे का, म्हटलं. ‘बारा बोअर हाय की. बँकेत गनमन हाय न्हवं मी.’

पोलीस, आशाताई, बायको, सरपंच, कुणालाही सांगायचं तर वचन मोडणार. न सांगायचं तर बंदूक घरात. मी त्यालाच विचारलं की एका माणसाला सांगायचं झालं तर कुणाला सांगू. ‘घरात नको. बायकोला तर अजिबात नको.’ मग बराच वेळ गेला आणि त्यानं त्याच्या बडीचं नाव घेतलं, पलटणीतला जोडीदार, दोन गावं पलीकडं राहणारा. बडी रात्री दहाला मोटरसायकलवरून त्याच्या दारात पोचला आणि रात्रभर तिथंच झोपला. सकाळी दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेले आणि त्यानं स्वतःच्या अर्जावर बंदूक जमा केली, निवडणुकीच्या वेळी करतात तशी. ठाण्यात कुणी फारसं विचारलंही नाही.

ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराची चिठ्ठी घ्यायला तो तयार होईना. तिथं सगळे ओळखीचे. मग शहरातल्या सरकारी रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी. पहिल्या खेपेला बडी बरोबर गेला.

निष्पत्ती

तो माणूस आज आहे. तीन महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटल्यावर बंद केल्या, पुन्हा घसरला, पुन्हा सुरू केल्या. पण बंदूक जमा म्हणजे गनमनची ड्युटीही गेली. एजन्सीनं बिनबंदुकीच्या ड्युटीवर घेतलं, पगार कमी झाला. हा खर्च आमच्या कुठल्याच हिशोबात नव्हता.

पगार कमी का झाला हे बायकोनं शोधून काढलं. त्या एकट्या, गावाहून दोन गाड्या बदलून माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत. ‘बंदूक माझ्या घरात हुती. माझी पोरं त्या खोलीत झोपत हुती. तुम्ही त्याच्या दोस्ताला सांगितलासा, मला न्हाई.’ माझ्याकडं उत्तर होतं: वचन, संमती, त्याची इच्छा. त्यातलं एकही मी तोंडातून काढू शकले नाही. घरात सगळ्यात आधी कोण धोक्यात आहे, हा प्रश्न लिंगभावाचा अभ्यास करणाऱ्या आम्हाला त्या रात्री सुचला नव्हता. एका पुरुषाला वाचवताना आम्ही दुसऱ्या पुरुषाला हाक मारली होती.

बाकीचं थोडक्यात. एका बाईंनी मुलाखत मागं घेतली. नवऱ्यानं ‘काय काय सांगितलंस’ म्हणून विचारलं होतं. विद्यार्थिनीनं त्यांच्यासमोर रेकॉर्डिंग पुसलं. प्रबंध एक सत्र उशिरा गेला. गावात निष्कर्ष सांगायला बैठक घेतली तेव्हा सुभेदारसाहेब आले, मागं बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, ‘आमच्या लोकांची झोप उडालीय हे मला ठाऊक न्हवतं असं न्हाई.’ आणि एक अनपेक्षित गोष्ट: सात-आठ बायकांनी आपापली ईसीएचएसची कार्डं नवऱ्यांच्या पाकिटातून काढून घेतली आणि महिन्यातून एकदा मिळून एस.टी.नं पॉलिक्लिनिकला जायला लागल्या. अर्ध्या गोळ्यांवर भागवणाऱ्या वहिनी त्यांच्यात आहेत. हे आम्ही सुचवलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

कुठं आणि कुणासमोर विचारायचं हे मी आता प्रश्नावलीच्या आधी ठरवते. नववा प्रश्न आला की गाडी चुकली तरी चालेल, हा नियम लेखी आहे, आणि मुलाखतीला दोघं जातात.

फॉर्म नर्सिंग सर्व्हिसवाल्या बाईंनी बसून दुरुस्त करून दिला. त्यांचं म्हणणं होतं, हे फक्त माझ्यासाठी नको. २०२१मध्ये मिलिटरी पोलिसांत महिला जवानांची पहिली तुकडी, ८३ जणींची, दाखल झाली. मे २०२५मध्ये एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. या बायका कधीतरी पेन्शनला येणार, आपल्याच गावांत येणार. तेव्हा ‘रात्री कोण वरडतंय’ हा प्रश्न त्यांच्या नवऱ्यांनाही विचारावा लागेल.

संमतीपत्रातल्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. नवं वाक्य असं: ‘तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कराल असं वाटलं तर आम्ही तुम्हाला सांगून, तुम्ही निवडाल त्या एका माणसाला कळवू, घरात हत्यार असेल तर घरातल्या मोठ्या माणसांनाही कळवू.’ शेवटचा तुकडा त्या बायकोच्या भेटीनंतर घातला. त्यावर आमच्यात अजून एकमत नाही. विद्यार्थिनीचं म्हणणं, हे वाचून ज्याला खरी गरज आहे तोच बोलायचा नाही.

दुसऱ्या गावात काम सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी दोघांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि कागद परत दिला. दोघंही गनमन होते. त्यांच्या नावापुढं आम्ही ‘नकार’ लिहिलं आणि १४४१६चं कार्ड तेवढं त्यांच्या हातात ठेवलं.